मंगळवार-शुक्रवारची सपाट रेघ

बायकोला वाढदिवसाला कुणी साडी आणतं, कुणी नुसतंच बाहेर जेवायला नेतं. मला गिझरचा प्लग मिळाला. चमकी कागदात गुंडाळलेला, वर रिबीन. लहान मूल आपण काढलेलं चित्र दाखवून आपल्या तोंडाकडे बघत राहतं, तसा नवरा समोर बसून माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "छान आहे हो." पुढचं सगळं या तीन शब्दांनी ओढवून घेतलं, असं मी रागात असले की म्हणते. राग उतरला की कळतं, मी काहीही म्हणाले असते तरी ते होणारच होतं.

प्लग म्हणजे तळहाताएवढी पांढरी डबी. ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची आणि गिझरची पिन तिच्यात. डबी घरच्या वायफायला जोडली की मोबाईलवरून गिझर चालू-बंद करता येतो, वेळ लावून ठेवता येते, आणि मुख्य म्हणजे त्याने कधी किती वीज खाल्ली याचा आलेख दिसतो. या 'मुख्य म्हणजे'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला वाटलं, बरं झालं, गिझर बंद करायला विसरलीस म्हणून सकाळी सकाळी जी बोलणी बसतात ती तरी थांबतील. ती थांबलीही.

नवरा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिथे वीज वाचवण्याचं काम त्याच्याकडे. मूळचा निघोज्याचा. त्याच्या लहानपणी शेतावरची लाईट अवेळी यायची, आणि थोरल्या भावाच्या मागे मागे त्याला विहिरीवरची मोटर लावायला जावं लागायचं. त्यामुळे वीज म्हणजे कुणीतरी चिखल तुडवत जाऊन आणलेली वस्तू, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. रिकाम्या खोलीत दिवा दिसला तर त्याला खरोखर वाईट वाटतं. दुसऱ्याच्या घरी गेलो तरी बोलता बोलता उठून तो संडासातला दिवा बंद करून येतो. लग्न झालं तेव्हा मला ते फार आवडायचं. अजूनही आवडतं, आणि माझी अडचण तीच आहे.

गिझरपाठोपाठ टीव्हीला डबी आली, मग फ्रिजला, मिक्सरला, पाण्याच्या फिल्टरला, इस्त्रीला. पंख्यांसाठी भिंतीतल्या बोर्डांच्या मागे छोट्या डब्या बसल्या. वॉशिंग मशीन नवीन घेतलं, ते तर आपणहून निरोप पाठवणारं. एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत आमचा मोशीचा फ्लॅट पुरता जोडला गेला. लेक तोवर शिकायला परगावी गेली होती. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जायचा. घरात दिवसभर मी आणि या डब्या. प्रत्येकीवर एक बारका निळा दिवा. पूर्वी म्हणायचे भिंतीला कान असतात. आमच्या भिंतींना डोळे आले होते.

आता त्यांच्या कंपनीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथे काहीही बिघडलं की एकावर एक पाच वेळा 'का' विचारायचं. बेल्ट तुटला. का? एका बाजूने घासला. का? पुली सरकली होती. का? असं करत पाचव्या 'का'ला खरं दुखणं हाती लागतं म्हणतात. मशीनसाठी चांगलीच रीत असेल. पण तो ती घरी जेवायला घेऊन यायचा.

"आज अकराच्या सुमाराला इस्त्री चालली," भात कालवत तो म्हणायचा. "मधेच का?"

"साडीला इस्त्री केली."

"साडी का?"

"शेजारी हळदीकुंकू होतं."

"मग गुरुवारी बाकीच्या कपड्यांबरोबर का नाही झाली?"

गुरुवार म्हणजे त्याच्या सुट्टीचा दिवस. मी म्हणायचे, "तेव्हा ती धुवायची होती."

"धुवायची का राहिली?"

"कारण मशीन तुम्ही बंद ठेवलं होतंत."

"का बरं ठेवलं असेन मी?" असं म्हणून तो विचार करायचा, आणि मग त्याचा चेहरा उजळायचा. "बरोबर. म्हणजे चूक माझीच." चूक सापडली याचा त्याला एवढा आनंद व्हायचा की ती स्वतःची आहे याचं काही वाटायचं नाही. उठताना माझंही ताट घेऊन जायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्याला माझ्यावर लक्ष ठेवायचं नव्हतं. त्याला इस्त्रीवर लक्ष ठेवायचं होतं. पण इस्त्री आपली आपण चालत नाही. टीव्ही लावला तर मी लावला, मिक्सर फिरला तर मी फिरवला, फ्रिजचं दार जास्त वेळ उघडं राहिलं तर तिथे मीच उभी होते. मी काय खावं, काय बघावं हे त्याने आयुष्यात कधी सांगितलं नाही. त्याला फक्त सगळं माहीत असायचं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "नवरा पीत नाही, पगार घरी आणतो, घरात लक्ष घालतो. आणखी काय पाहिजे गं तुला?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नंतर मी कुणाला काही सांगितलं नाही.

लेक गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, भाजी घेऊन येताना, आमच्या भागातल्या जलतरण तलावावरचा बोर्ड मी वाचला. रोज दुपारी महिलांची बॅच. तो बोर्ड मी कितीतरी वर्षं बघत होते, वाचला त्या दिवशी पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यात नाव घातलं. मंगळवार आणि शुक्रवार जायचं ठरवलं, आणि घरी सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता का? मुळीच नाही. नको म्हणाला असता तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमतं. भीती वेगळीच होती. मी एकदा पेटी शिकायला घेतली, तर त्याने रियाजाची वेळ मोजणारं ॲप आणलं. चालायला जाऊ लागले, तर मनगटावर पट्टा आला आणि पावलांचं टारगेट. बाल्कनीत कढीपत्ता लावला, त्याला नळी बसली, थेंब थेंब पाणी आपोआप. कढीपत्ता फोफावला, हे कबूल. पण त्याला पाणी घालायचं माझं काम गेलं, आणि त्याच्यापाशी जाऊन उभं राहायचं कारणही गेलं. माझी कुठलीही आवड त्याच्या हाती लागली की सुधारायची, आणि सुधारली की माझी राहायची नाही. एक गोष्ट तरी न सुधारलेली हवी होती मला. एवढंच हवं होतं.

मला पोहता येत नव्हतं आणि फारसं आलंही नाही. हात मारायला शिकले, पण श्वासाचं गणित जमेना. मला जमलं ते उताणं पडून तरंगणं. कान पाण्याखाली गेले की जग बंद व्हायचं. वर पत्र्याचं छप्पर, त्यात अडकलेला एखादा पारवा. बॅचमधल्या बायका इकडून तिकडे फेऱ्या मारायच्या आणि मी एका कडेला ओंडक्यासारखी पडून असायचे. शिकवणाऱ्या बाई पहिले काही दिवस ओरडल्या, मग त्यांनीही नाद सोडला. तिथे माझी नोंद कुठेच होत नव्हती. बाहेर पडताना गार पाण्याच्या फवाऱ्याखाली अंग धुवायचं, केस पंच्याने खसखसून पुसायचे, आणि दारातल्या टपरीवर चहा.

चहाला सोबत असायची बॅचमधलीच एक, तिला सगळ्या भाभी म्हणायच्या. तिच्या नवऱ्याचं तळेगाव-चाकण रस्त्यावर गॅरेज. ती पायघोळ पोशाख घालून पोहायची आणि आम्हा सगळ्यांपेक्षा सुरेख पोहायची. घरी तिने डॉक्टरांनी कमरेसाठी सांगितलंय म्हणून ठोकून दिलं होतं. मी तिला आमच्या डब्यांचं सांगितलं, तर ती पोट धरून हसली.

"ताई, आमच्याकडे वायफाय नाही, सासू आहे," ती म्हणाली. "पण सासू दुपारी झोपते तरी."

पावसाळा सरत आला तेव्हा एकदा नवरा घरी आला तो खुशीत. बूट न काढताच त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"हे बघ. मंगळवार. आणि हा शुक्रवार. दुपारची रेघ बघ कशी सपाट आहे. फक्त फ्रिज! मागच्या कितीतरी आठवड्यांत असंच. तू करतेस काय गं या दोन दिवशी?"

चोराच्या मनात चांदणं. माझ्या हातातलं कणकेचं भांडं तसंच राहिलं. आजवर काही चालू केलं म्हणून मी दिसत होते, आता काही चालू नव्हतं म्हणून दिसले. घरात असले तरी दिसायचं, नसले तरी दिसायचं. मग जायचं कुठे माणसाने?

"झोपते," मी म्हणाले.

"पंख्याशिवाय?"

"बाल्कनीत सतरंजी टाकून. वारा असतो."

"मग रोज तिथेच का नाही झोपत?" हे त्याने चेष्टेत नाही, मनापासून विचारलं. मी म्हटलं, बघू.

पुढच्या मंगळवारपासून मी टीव्ही चालू ठेवून जाऊ लागले. आवाज बारीक करायचा, एखादी मालिका लावायची आणि दार ओढून घ्यायचं. रेघ सपाट राहिली नाही की प्रश्न मिटला. वीज वाचवणाऱ्या यंत्राला फसवण्यासाठी मी वीज जाळत होते, आणि रिकाम्या घरात सासवा-सुना एकमेकींना टोमणे मारत बसलेल्या असायच्या. दिवा विसरला तर हळहळणाऱ्या माणसाच्या घरात मी हे करत होते. पण तरंगायला लागलं की मला त्याचं काहीही वाटायचं नाही, हे खरं तेच सांगते.

त्याने टीव्हीबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

मग आला दिवाळीआधीचा उकाडा. इकडे तो फार वाईट असतो. आमच्या घरासमोर नव्या इमारतींची कामं चालू, खिडकी उघडली तर धूळ, लावली तर भट्टी. एका गुरुवारी सकाळी मी बघते तर नवरा हॉलच्या मध्यभागी स्टूल मांडून वर चढलेला, हातात टेस्टर.

"काय झालं?"

"स्टूल धर जरा. पंख्यात काहीतरी बिघाड आहे."

"कुणी सांगितलं?"

"अगं, मंगळवारी दुपारभर टीव्ही चालू होता आणि पंखा बंद. त्याआधीच्या शुक्रवारीही तसंच. एवढ्या उकाड्यात कोण बसेल पंख्याशिवाय? म्हणजे पंखा मधेच लागत नसणार. आणि तू मला सांगत नाहीस, कारण मी दमून येतो." वरून त्याने खाली माझ्याकडे बघितलं. घाम त्याच्या हनुवटीवरून टपकत होता. "असं करत जाऊ नकोस. सांगत जा."

टीव्ही लावून जायचं मला सुचलं होतं, पंखा लावायचं सुचलं नव्हतं. मालिका बघणाऱ्या बाईला उकडतंही, हे मी विसरले होते. आणि त्याने त्यातून काय काढलं, तर माझा चांगुलपणा. मी स्टूल धरून उभी होते. त्याने पंख्याची टोपी खाली सरकवली, आतल्या तारा तपासल्या, पुटपुटला, "करंट तर येतोय." नवा कपॅसिटर त्याने आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. धडधाकट पंख्याच्या पोटात तो हात घालत होता आणि मला ते बघवेना.

"पंखा चांगला आहे," मी म्हणाले. "मी घरी नव्हते."

"कधी?"

"मंगळवारी. शुक्रवारीही. मी पोहायला जाते, तलावावर."

वर तो थांबला. "का?"

"आवडतं म्हणून."

पुढच्या चार 'का'ंसाठी मी तयारी केली. रागवण्याचीही तयारी होती, उलट खूप काही बोलायची होती. तो खाली उतरला, पंच्याने तोंड पुसलं, आणि म्हणाला, "मग सांगायचं ना, वेडे! आणि दुपारी गिझर तर लागत नाही, म्हणजे तिथे गार पाण्याने अंग धुतेस? आता थंडी येईल."

याची मात्र माझी काही तयारी नव्हती.

त्या संध्याकाळी त्याने माझा मोबाईल मागून घेतला आणि बराच वेळ त्यात काहीतरी करत बसला. मग समजावून सांगितलं. मी तलावावरून निघाले की माझा फोन ते ओळखणार आणि घरचा गिझर आपोआप चालू होणार. घरी पोचेपर्यंत पाणी तयार. "तुला काही करायचं नाही," तो म्हणाला. "फक्त यायचं."

पहिल्यांदा तशी आले तेव्हा बाथरूममध्ये वाफाळतं पाणी होतं आणि मला भरून आलं, ते खोटं नाही. आपल्यासाठी कुणीतरी, चाकणला बसून, पाणी तापवतंय. भाग्यच की. आणि तरी मी बादलीपुढे बसून राहिले. मंगळवार त्याचा झाला होता.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. टपरीवर चहाला बसले की फोन वाजायचा. "पोचलीस? पाणी तापलंय." भाभीबरोबर भजी मागवली की फोन. "पाणी निवतंय गं, परत तापवू का?" घरात दूध उतू जात असल्यासारखी मी पळत यायचे. भाभी सुरुवातीला हसायची. मग तिने दोघींचा चहा सांगणं सोडलं, एकच सांगायची. माझी तिच्यावर नाराजी नाही. उठून पळणाऱ्या बाईबरोबर गप्पा कोण मारणार?

जेवताना नवे प्रश्न आले. "फेऱ्या किती झाल्या?" मी म्हणायचे, "मी तरंगते." तो म्हणायचा, "हो, पण सुरुवात म्हणून ठीक." पाण्यात चालणारं घड्याळ मागवू का म्हणाला. मी नको म्हणाले, जरा जोरातच. त्याचा चेहरा पडला आणि दोन दिवस मीच अपराध्यासारखी गोडधोड करत राहिले. मग तलावावरही मी उताणी पडले की डोक्यात घड्याळ चालू. आता निघायला हवं. आता गिझर लागेल. कान पाण्याखाली जाऊनसुद्धा जग बंद होईना.

वर्षअखेरीला त्यांच्या कंपनीत कुटुंबांचा कार्यक्रम असतो. बायका-मुलं, आईवडील, सगळ्यांना बोलावतात. कारखाना दाखवतात, समोशाचा डबा देतात, आणि हॉलमध्ये कामगार आपापल्या सुधारणा पडद्यावर सादर करतात. या वेळी विषय होता, घरची वीज. नवऱ्याने नाव दिलं होतं, एवढं मला माहीत होतं. निघोज्याहून सासूबाईंनाही आणलं होतं. त्या माझ्या शेजारी, नव्या लुगड्यात, डबा उघडू की नको अशा विचारात.

त्याची पाळी आली. फ्रिज झाला, टीव्ही झाला, टाळ्या झाल्या. आणि मग पडद्यावर एक नकाशा आला. आमचं घर, तलाव, मधे ठिपक्यांची वाट. त्या वाटेवर एक लाल टिकली घराकडे सरकत होती. ती मी होते.

"ही माझी मिसेस," तो माइकवर म्हणाला. त्याचा आवाज अभिमानाने भरला होता. "दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी स्विमिंगला जाते. ती निघाली की गिझर चालू. आधी नाही, नंतर नाही. एक मिनिटाचं वेस्टेज नाही."

हॉलभर टाळ्या वाजल्या. बायका वळून वळून माझ्याकडे बघत होत्या, कौतुकानेच. खरं म्हणजे ही वीज आधी लागतच नव्हती. मी तलावावर गार पाण्याने अंग धुऊन यायचे, फुकटात. एवढ्या शहाण्या माणसांत हे कुणी विचारलं नाही, पाचांतला एकही 'का' नाही. बक्षिसाची ढाल त्यालाच मिळाली. एक साहेब मला म्हणाले, "मॅडम, अभिनंदन. कुठला स्ट्रोक करता?" मी म्हणाले, "मी नुसती पडून असते." ते खूप हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

सासूबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "पवाया जाती व्हय तू?"

"हो."

"आमी बी पवायचो. इंद्रायणीत, धुण्याचं निमित करून." त्यांनी समोशाचा तुकडा मोडला. "घरी कुनाला ठावं न्हवतं." मग लेकाकडे बघत, अगदी हळू, म्हणाल्या, "त्याला सांगाया नको हुतं."

त्यांना निघोज्याला सोडून परत येताना ढाल माझ्या मांडीवर होती. मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हणाले, "माझा मंगळवार तुम्ही सगळ्यांना दाखवलात."

"अगं, कौतुकाने दाखवला."

"मला विचारलं नाहीत."

तो खरोखर विचार करत होता, ते मला त्याच्या स्टिअरिंगवरच्या बोटांवरून कळत होतं. शेवटी म्हणाला, "गिझर लोकेशनवरून काढू का?"

माझा हात मोडला म्हणून सांगावं आणि समोरच्याने बांगडी बदलून देऊ का विचारावं, तसं झालं. मी म्हणाले, "राहू द्या."

पुढच्या मंगळवारी कडाक्याची थंडी होती. तलावावर आम्ही मोजून तीन बायका. मी बाहेर आले आणि पूर्वीसारखी फवाऱ्याखाली उभी राहिले. दात वाजले. घरी आले तेव्हा गिझरचा दिवा लागलेला होता, पाणी तापून वाट बघत होतं. मी त्याला हात लावला नाही. चहा केला, गॅसवर. गॅसला डबी नाही.

जेवताना तो मोबाईल बघत म्हणाला, "आज पाणी तापलं, पण वापरलं नाहीस. का?"

"गार पाण्याने केली आंघोळ. तलावावरच."

"थंडीत? का?"

"गार पाणी कुठे दिसत नाही म्हणून."

त्याने मोबाईल पालथा ठेवला. माझ्याकडे बघत राहिला. तिसरा 'का' त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला, आणि मी मनात म्हटलं, विचार. आज विचारच. पाचव्यापर्यंत जाऊ या एकदा. पण तो नुसता "बरं" म्हणाला, आणि ताटातलं संपवून उठला. जाताना माझं ताट घेऊन गेला.

शुक्रवारी मी घरी आले तर गिझर बंद. दिवा विझलेला. मी बाथरूमच्या दारात उभी राहिले आणि मला इतकं हलकं वाटलं की तिथेच खाली बसावंसं वाटलं. कळलं त्याला, म्हटलं. उशिरा का होईना, कळलं. रात्री मी त्याच्या आवडीची बाजरीची भाकरी आणि ठेचा केला.

पहिला घास घेत त्याने मोबाईल माझ्याकडे सरकवला. चेहऱ्यावर तेच हसू, चमकी कागद उघडताना होतं ते. पडद्यावर आठवड्याचं वेळापत्रक होतं. त्यात दोन नवे रकाने, निळ्या रंगात. मंगळवार, शुक्रवार. गिझर बंद. खाली लिहिलं होतं, गार पाणी.

"तुला गार आवडतं ना," तो म्हणाला. "लावून टाकलं. आता चुकून कुणी चालू केला तरी होणार नाही."

मी भाकरीचा तुकडा मोडला. "छान आहे हो," म्हणाले.

मंगळवार आणि शुक्रवार अजून चालू आहेत. त्या दिवशी मी हात मारत कडेपासून कडेपर्यंत जाते, फेऱ्या मोजते आणि घरी येऊन आकडा सांगते. आकडा वाढतोय. तो खूश आहे.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. एका बुधवारी दुपारी मी फोन फ्रिजवर ठेवला, टीव्ही लावला, मालिका बघून घेतली कुठली चालू आहे ती, आणि पंचा पिशवीत घालून बाहेर पडले. दार ओढून घेता घेता आठवलं. परत आत गेले आणि पंखाही लावला.